नवव्या पुस्तकाबाबत निवेदन

थेरगाव,
७ जानेवारी २०२४

ती. पप्पांना सप्रेम जयभीम,

तुमचं पत्र पोचलं. मायचं गुडघ्याचं तेल दिपालीच्या भावासोबत पाठवलंय. दिपाली म्हणजे माझी रूममेट, चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे ती.

गावात सगळे विचारतात, पोरगी पुण्याजवळ माणला आयटीत नेमकं करते काय, आणि तुम्ही म्हणे सांगता, "पुस्तकं तपासते." आता सरपंचांना वाटतंय मी दहावीचे पेपर तपासते आणि नातवाचे मार्क वाढवून देईन! पप्पा, पुन्हा एकदा सांगते, तोंडपाठ करा. परदेशातल्या प्रकाशकांची पुस्तकं छापायच्या आधी आमच्या कंपनीत येतात. मी त्यातली गोष्ट जुळते का ते बघते. पहिल्या भागात घोडा काळा असेल तर पाचव्या भागात तो तांबडा झालेला नसावा, मेलेला माणूस चालत येऊ नये, एवढंच. चूक दिसली की पानाच्या कडेला प्रश्न टाकायचा. उत्तर लेखक देतो.

आणि आनंदाची बातमी ही, की आपल्या वेरिंगसाहेबांच्या नवव्या पुस्तकाची पहिली प्रकरणं आली. शेवटचं पुस्तक! लोक किती वर्षं वाट बघतायत. 'कोरड्या नद्यांचा मुलूख' ही मालिका आता कुठे संपणार. तुम्हाला सांगितलं होतं ना, हा माणूस आधी लोकरीच्या गोदामात कामाला होता. पहिलं पुस्तक सगळ्यांनी परत केलं. म्हणे जादूच्या गोष्टीत बर्फ पाहिजे, किल्ले पाहिजेत, ही लाल माती आणि मिठाची तळी कोण वाचणार. ते म्हणाले, मी बर्फ बघितलेला नाही. हट्टाने तसंच लिहीत राहिले, गोदामातली नोकरी सांभाळून. तिसऱ्या पुस्तकाला बक्षीस मिळालं आणि मग आख्ख्या ऑस्ट्रेलियाला ती लाल माती आपली वाटायला लागली.

एक गंमत. तुमची लाडकी मार्ला परत आलीय. तिसऱ्या प्रकरणात ती चक्क ओसरीवर बसून चहा पितेय. मी कडेला प्रश्न टाकलाय, "साहेब, ही चौथ्या पुस्तकात वारली ना?" बघू काय म्हणतात. मागे एकदा त्यांनी मला लिहिलं होतं, "प्रश्नवाल्या बाई, तुम्ही माझ्या बायकोपेक्षा कडक आहात." माझं नाव त्यांना माहीत नाही. आम्हाला नाव टाकायची परवानगी नसते.

तुमची,
दीक्षा


मु. पो. हाडोळती,
ता. अहमदपूर
१९ जानेवारी २०२४

चि. दीक्षास, विलासचा सप्रेम जयभीम.

पत्र वाचून फार बरं वाटलं. मार्ला जिवंत आहे हे उत्तम झालं! तू चौथ्या पुस्तकाची गोष्ट लिहून पाठवलीस तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो, तुझ्या मायला विचार. ज्या नदीत तिच्या जन्मात पाणी आलं नाही, त्या नदीसाठी बाई दरवर्षी नावेला डांबर लावते. अशा माणसाला लेखकाने मारू नये. त्याला उशिरा का होईना, चूक कळली असेल. तू उगाच प्रश्न विचारून त्याचं मन बदलू नकोस.

लोक म्हणतात, विलासराव, कागदं काय लिहिता, मोबाइल वापरा. अरे, कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकणाऱ्या मशिनींपाशी आयुष्य काढलं, कान तिथंच ठेवून आलो. फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते. आणि मोबाइलवर टाइप केलं की मला काही सांगितल्यासारखंच वाटत नाही. पत्रात कसं, समोर बसल्यासारखं बोलता येतं आणि समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही.

आपल्या विहारातल्या वाचनालयात मी दर रविवारी पोरांना तुझ्या पत्रातली वेरिंगची गोष्ट सांगतो. सयाजी सर, तेच इंग्रजीचे, निवृत्त झालेले, तेसुद्धा येऊन बसतात. नववं पुस्तक लवकर वाच आणि लवकर लिही. पोरं माझा जीव खातायत.

तुझी माय विचारते, लग्नाचं काय. मी विचारलेलं नाही. तिने विचारलंय.

तुझा,
पप्पा


थेरगाव,
१० मार्च २०२४

ती. पप्पांना जयभीम,

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. लिहायला बसते आणि पेन उचलत नाही.

पप्पा, मार्लाला त्यांनी मुद्दाम जिवंत केलेलं नाही. ती मेली हे ते विसरलेत.

आधी मलाही वाटलं, म्हातारपण, होतं असं. त्यांनी माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं, "अरेच्चा, खरंच की. बदलतो." दोन दिवसांनी त्याच प्रश्नाला पुन्हा उत्तर, "अरेच्चा, खरंच की." मग तिसऱ्यांदा तेच. जणू प्रश्न आत्ताच टाकलाय. पाचवं प्रकरण आलं त्यात सहाव्या पानापासून पहिल्याच पानाचा मजकूर परत सुरू होतो. आणि परवा एका जागी, जिथे नायकाचं नाव यायला पाहिजे, तिथे त्यांनी मोकळी जागा सोडलीय आणि कडेला मलाच विचारलंय, "ह्या मुलाचं नाव काय ठेवलं होतं आपण?"

आठ पुस्तकं ज्याच्यावर लिहिली, त्या मुलाचं नाव! मी नाव लिहून दिलं.

मग मी रविराजकडे गेले. रविराज आमचा टीम लीड, कोल्हापूरचा, वाईट माणूस नाही. म्हटलं, लेखकाची तब्येत बरी नाही, प्रकाशकाला सांगायला पाहिजे. तो म्हणाला, "दीक्षा, आपलं काम कॉमेंट टाकायचं. डॉक्टरकी आपल्या स्कोपमध्ये नाही. क्लायंट काय म्हणतो ते बघू." आणि आठवड्याने क्लायंटकडून, म्हणजे प्रकाशकाकडून, आदेश आला. लेखकाला ह्यापुढे एकही प्रश्न विचारायचा नाही. ज्या चुका असतील त्या आपणच गुपचूप दुरुस्त करायच्या. माझ्याकडून कडेला लिहायची सोयच बंद केली. त्यांचं लिहिलेलं मला दिसतं, माझं त्यांना दिसत नाही.

म्हणजे पुस्तक खपतंय ना, मग लेखकाचं काहीही होवो. नाणं चालतंय तोवर वाजवून घ्यायचं!

काल त्यांनी कडेला लिहिलंय, "प्रश्नवाल्या बाई कुठे गेल्या? माझ्यावर रुसल्या का?" पप्पा, मी ते वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. उत्तर लिहायला जागाच नाही.

तुमची,
दीक्षा


हाडोळती,
२१ मार्च २०२४

चि. दीक्षास जयभीम.

पत्र वाचून डोकं फिरलं.

आजारी माणसाला अंधारात ठेवून त्याच्या नावावर माल काढायचा, ह्याला काय म्हणतात? आमच्याकडे डाय, म्हणजे मशीनचा साचा, खराब झाली आणि कोणी न बोलता मशीन चालू ठेवली तर आम्ही त्याला माणसात धरत नव्हतो. प्रत्येक प्रेसला लाल बटण असतं. ते दाबायला कोणाची परवानगी लागत नाही, हेल्परनेसुद्धा दाबावं. मी एकदा साहेब लोकांचा दौरा चालू असताना दाबलं होतं. मेमो मिळाला, युनियनने तो माघारी घ्यायला लावला.

तू शिकलेली पोरगी. घाबरतेस कशाला? त्या वेरिंगला कोणीतरी सांगायला पाहिजे की साहेब, तुमच्या पाठीमागं असं असं चाललं आहे. त्याचं पुस्तक आहे. त्याला थांबायचं तर तो थांबेल, डॉक्टर करायचा तर डॉक्टर करेल. पण त्याचं त्याला ठरवू द्या. तू सांग. नाहीतर तुमच्यात युनियन नसेल तर मला सांग.

पप्पा


थेरगाव,
२ एप्रिल २०२४

पप्पा,

हात जोडते, तुम्ही काही करू नका. मी कागदावर सही केलीय. लेखकाशी परस्पर संपर्क केला तर नोकरी तर जाईलच, वर कोर्टात खेचतील. आमच्याकडे लाल बटण नसतं हो. बटण दुसऱ्या देशात असतं, आणि ते कोणाच्या हाताखाली आहे तेही आम्हाला माहीत नसतं.

मी दुरुस्त करत राहते. मार्लाच्या जागी तिची भाची घातली, चहा तसाच ठेवला. काल एक पान निम्मंच आलं. वाक्य मध्येच तुटलेलं. रविराज म्हणाला, तूच पुरं कर, तुझ्याइतकं ते जग कोणाला माहितीय. मी पुरं केलं. त्यांच्यासारखंच जमलं, हेच मला सहन होईना. संध्याकाळी वाकडच्या पुलावर बस तासभर अडकली होती, आणि मी त्या खिडकीत बसून विचार करत होते की आता हे पान कोणाचं.

तरी एक सांगते. ते रोज लिहितात. तुटकं येतं, उलटसुलट येतं, पण रोज सकाळी येतं. मधूनच एखादं वाक्य असं असतं की अंगावर काटा येतो. मी त्या वाक्यांना हात लावत नाही.

मायला सांगा, मी जेवते वेळेवर.

दीक्षा


हाडोळती,
६ मे २०२४

चि. दीक्षास क्रांतिकारी जयभीम.

तुझ्या मनावरचा भार हलका केला आहे. आता निश्चिंत राहा.

सयाजी सरांना घरी बोलावलं आणि दोघांनी बसून वेरिंगसाहेबांच्या नावे रीतसर इंग्रजीतून निवेदन तयार केलं. मजकूर मी सांगितला, इंग्रजी सरांचं. भाषा अत्यंत सभ्य आहे. "आपली स्मरणशक्ती क्षीण होत चालली असून आपल्या अपरोक्ष आपला मजकूर इतरांकडून बदलण्यात येत आहे, तरी आपण स्वतः लक्ष घालून योग्य तो निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती." तू आठवं पुस्तक आणलं होतंस, त्याच्या शेवटच्या पानावर वाचकांसाठी त्यांच्या टपालपेटीचा पत्ता आहेच. तिथंच रजिस्टर पाठवलं. पाकिटावर तिकिटं चांगली बघून लावली, मोराची आणि रेल्वेइंजिनाची. आपल्याकडून जातंय तर नीटनेटकं जावं.

निवेदन म्हटलं की प्रती आल्याच. खाली लिहिलं, "प्रत माहितीसाठी सविनय रवाना", आणि एक प्रत प्रकाशकाला, एक तिकडच्या लेखकांच्या संघाला, आणि एक तुझ्या कंपनीला. कंपनीचा पत्ता तू दिलेल्या कॅलेंडरवर होता. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना प्रत दिली नाही तर ते चुगली ठरतं. आयुष्यभर आम्ही हेच पाळलं.

तू घाबरू नकोस. तुझं नाव कुठंही घातलेलं नाही. फक्त "माण येथील कंपनीत ह्याच पुस्तकाचं काम करणारी माझी कन्या" एवढंच लिहिलं आहे. खाली माझी सही, पूर्ण नाव आणि पत्ता.

तुझा,
पप्पा


थेरगाव,
२३ जून २०२४

ती. पप्पांना जयभीम,

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी तुमच्यावर इतकी चिडले होते की तीन पत्रं लिहून फाडली. आता चीड उरलेली नाही. आता जे झालं ते सांगते. मायला आधी शेजारी बसवा आणि मग वाचा.

कंपनीला प्रत मिळाली. रविराजने मला केबिनमध्ये बोलावलं. समोर तुमचं निवेदन, त्यावर आवक-जावकचा शिक्का. तो म्हणाला, "फादर युनियनमध्ये होते का गं?" मी म्हटलं, होते. "वाटलंच. सीसी मारलाय सगळ्यांना." मला वाटलं आता राजीनामा मागतील. पण तो म्हणाला, "तुझ्याशी एक बाई बोलणार आहेत. त्यांनीच मागणी केलीय." आणि स्क्रीन चालू केला.

वेरिंगसाहेबांच्या बायको. नोरा नाव त्यांचं. पांढरे केस, अंगात पुरुषी स्वेटर. मागे स्वयंपाकघर. मला बघून म्हणाल्या, "तूच का ती प्रश्नवाली? किती लहान आहेस गं."

पप्पा, प्रश्न बंद करायला प्रकाशकाने स्वतःहून सांगितलं नव्हतं. नोराबाईंनी सांगितलं होतं.

आजाराचं त्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं. साहेबांनाही आधी माहीत होतं, मग ते तेही विसरले. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी टेबलाशी बसतात ना, बसू द्या, तेवढाच वेळ ते स्वतः असतात. बाकी दिवसभर ते घरात दारं शोधत फिरतात. पण माझा प्रश्न आला की ते जुनी पुस्तकं काढून बसायचे. मार्ला मेली ते पान सापडायचं, आणि ते रडायचे. त्यांना ते दर वेळी नवीनच होतं. "तू विचारलेलं सगळं बरोबर होतं," बाई म्हणाल्या, "पण आमच्या घरात त्या महिन्यात मार्ला चार वेळा मेली." म्हणून त्यांनी प्रकाशकाच्या पाया पडून कबूल करून घेतलं, की प्रश्न नकोत, काय असेल ते गुपचूप सावरा, पण त्यांना लिहू द्या. माझ्याबद्दल साहेब विचारायचे तेव्हा बाई सांगायच्या, तिचं लग्न ठरलंय, ती रजेवर आहे.

टपालपेटीची किल्ली बाईंकडेच असते. त्या दिवशी साहेब हट्टाने सोबत गेले आणि पेटी त्यांनी उघडली. मोराचं तिकीट बघून खूश झाले. गाडीतच फोडून वाचलं. वाचून विचारलं, "नोरा, हे खरं आहे?" बाई म्हणाल्या, "माझं लग्न होऊन सत्तेचाळीस वर्षं झाली. मला त्या क्षणी खोटं सुचलं नाही."

त्या दिवसापासून ते टेबलाशी बसलेले नाहीत.

एवढंच असतं तर बरं. तुमचं पत्र ते खिशात ठेवतात. विसरतात. मग हात लागतो, काढतात, तिकिटं बघून हसतात, आणि वाचतात. रोज. रोज त्यांना पहिल्यांदाच कळतं. बाईंनी एकदा ते लपवलं, तर "भारतातलं पत्र, भारतातलं पत्र" म्हणत घरातली सगळी कपाटं रिकामी केली, शेवटी त्यांनीच काढून दिलं.

बाई तुमच्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना सांग, पत्र सभ्य होतं." मला रागावल्या असत्या तर चाललं असतं हो.

नोकरी गेली नाही, बाईंनी सांगून ठेवलंय. नववं पुस्तक माझ्याकडून काढलं. आता स्वयंपाकाची पुस्तकं तपासते. मिठाचं प्रमाण वगैरे.

दीक्षा


हाडोळती,
१ जुलै २०२४

चि. दीक्षास.

तुझं पत्र सरांनी वाचलं, मी वाचलं, परत सरांनी वाचलं. सर उठून निघून गेले. रविवारी विहारात आले नाहीत. मीही गेलो नाही.

लेकी, मी काय करून बसलो? म्हाताऱ्याला न्याय द्यायला गेलो होतो. कळवायचंच राहिलं की मी चांगल्या मनानं लिहिलं होतं, पण ते आता कोणाला कळवू. तुझी माय म्हणली, "तुमाला सगळीकडं मालक आन् कामगारच दिसतेत. नवरा-बायकोचं घर असंल, असं येकदा बी मनात आलं न्हाई?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. सगळं ऐकू आलं होतं, तिच्या तोंडावरनं.

झोप लागत नाही. एक सुचतंय, ते बरं की वाईट मला कळत नाही. मी दुसरं पत्र लिहितो. तसंच पाकीट, तशीच तिकिटं, मोर आणि इंजिन. त्यात लिहितो की साहेब, मागचं निवेदन चुकून तुमच्या नावे आलं, ते दुसऱ्याच माणसाबद्दल होतं, माफी असावी. तुमची तब्येत उत्तम आहे. तुमचं पुस्तक आमच्या गावातली पोरं ऐकतात, शेवटच्या भागाची वाट बघतात, तरी कृपया लिहावं. ते पत्र बाईंनी गुपचूप जुन्याच्या जागी खिशात ठेवावं. रोज वाचायचंच आहे तर हे वाचू दे.

आयुष्यात मी खोट्या मजकुराखाली सही केली नाही. एकदा युनियनच्याच कागदावर केली नाही म्हणून निवडणूक हरलो होतो. ही करतो.

इंग्रजी तू कर, सोबत खाली सही केलेला कोरा कागद ठेवला आहे. सरांना विचारायची माझी हिंमत नाही. आणि प्रती कोणालाही पाठवायच्या नाहीत.

पप्पा


थेरगाव,
१८ ऑगस्ट २०२४

ती. पप्पांना जयभीम,

तुमचं पत्र मी शब्दाला शब्द इंग्रजीत केलं, तुम्ही सही केलेल्या कागदावर लिहून काढलं आणि चिंचवडच्या पोस्टातून पाठवलं. मोर मिळाला. इंजिनासाठी दिपालीने चाकणच्या पोस्टात रांग लावली. रविराजला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मला काही सांगू नकोस," आणि रजिस्टरची पावती नीट जपून ठेव म्हणाला.

पत्र पोचलं. काल नोराबाईंचा फोन आला.

त्यांनी साहेब झोपले असताना जुनं काढून नवं खिशात ठेवलं. सकाळी साहेबांचा हात लागला. तिकिटं बघून हसले, नेहमीसारखेच. मग खुर्ची खिडकीजवळ ओढून सगळं पत्र वाचलं. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. चेहऱ्यावर कुठे भीती नाही, काही नाही. कितीतरी दिवसांनी ते इतके निवांत दिसले, म्हणाल्या. लिहायच्या टेबलावर बाईंनी आधीच कोरे कागद मांडून ठेवले होते.

पत्राची घडी घातली आणि बाईंना म्हणाले, "भला माणूस दिसतो हा. त्याला उत्तर पाठव, नोरा. लिही, की तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. मी लोकरीच्या गोदामात काम करतो. मी कधी पुस्तक लिहिलेलं नाही."

पप्पा, बाईंनी मला विचारलंय, हे उत्तर तुम्हाला पाठवू का. मी हो म्हटलं.

तुमची,
दीक्षा